पुलाखालची कुटुंबं आणि आपली सोसायटी: नेमकं काय करता येतं?

टिळकब्रिज

नमस्कार मंडळी. मी दादर-परळ पट्ट्यात राहते. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत गळती आणि पार्किंग आटोपल्यावर 'आयत्या वेळचे विषय' सुरू झाले आणि समोरच्या पुलाखालची वस्ती हटवावी म्हणून वॉर्ड ऑफिसला सह्यांचं पत्र द्यायचा ठराव आला. कागद फिरायलाही लागला. पण तिथे नक्की राहतं कोण, हे सभेतल्या एकालाही धड सांगता येईना. 'बाहेरून आलेत', 'धंदा आहे त्यांचा', 'गावाला घरं आहेत सगळ्यांची', इतकंच. आम्ही काही जणांनी आरडाओरडा करून ठराव पुढे ढकलायला लावला आणि खाली जाऊन बोलायचं ठरवलं.

बहुतेक कुटुंबं सोलापूर, लातूर, धाराशिव भागातली निघाली. काहींचे आजे-पणजे ७२ च्या दुष्काळात आलेले. म्हणजे आता तिसरी पिढी फूटपाथवरच जन्माला आलेली आहे आणि 'गाव' म्हणजे त्यांना जत्रेपुरतं माहीत. पुरुष रोजंदारीच्या कामासाठी नाक्यावर उभे राहतात किंवा केटरिंगवाल्याकडे भांडी घासायला जातात. बायका गजरे, लिंबू-मिरची. त्यातली एक बाई आमच्याच बी विंगचा जिना धुते. वॉचमनला ठाऊक होतं, कमिटीला नव्हतं.

कागदपत्रं काय आहेत विचारल्यावर एका आजींनी गोधडीखालून दुधाची पिशवी काढली, तिच्यात आणखी एक पिशवी. आत लॅमिनेट केलेली रेशनकार्डाची झेरॉक्स (मूळ कार्ड पालिकेची 'गाडी' आली तेव्हा सामानासकट गेलं), सुनेच्या बाळंतपणाचं हॉस्पिटलचं कार्ड आणि निवडणुकीत कुणा उमेदवाराने वाटलेली मतदार चिठ्ठी. तिच्यावरचं नाव भलत्याच बाईचं. घरातल्या सात माणसांचं सगळं दप्तर एवढंच.

आम्ही ब्लँकेटं वाटून मोकळे होणार नाही, हे नक्की. कुणी रात्रनिवारा, कागदपत्रं, शाळाप्रवेश यांत काम केलं असेल तर अनुभव लिहा. सरकारी योजनांची नुसती नावं नकोत, काय चालतं आणि कुठे अडतं ते हवंय.

खडूस_आजोबा

फूटपाथ चालण्यासाठी असतो. मी ७८ वर्षांचा आहे, मला रोज रस्त्यावर उतरून बसच्या समोरून जावं लागतं. माझ्या हक्काचं कोण बघणार? आणि घरं दिली की विकून परत पुलाखाली येतात, हे डोळ्यांनी पाहिलंय.

भटकभवानी

वाचतेय. चांगला धागा.

काळाकोट

आजोबांचा पहिला मुद्दा न्यायालयानेही मान्य केलेला आहे, त्यामुळे तो झटकून टाकू नका. १९८१ च्या जुलैमध्ये, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईतल्या फूटपाथवासीयांना उचलून गावी पाठवायचा आदेश दिला होता. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही रहिवासी सुप्रीम कोर्टात गेले. १९८५ च्या जुलैमध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाचा निकाल आला, लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांनी. या निकालाचं अर्धंच वाक्य दोन्ही बाजूंचे लोक सांगतात. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे कलम २१ चा, भाग आहे असं कोर्ट म्हणालं. माणूस फूटपाथवर राहतो कारण काम तिथून जवळ आहे आणि तिथून हलवणं म्हणजे रोजी हिरावणं, हेही मान्य केलं. पण फूटपाथवर राहायचा हक्क मात्र दिला नाही. नोटीस देऊन, म्हणणं ऐकून हटवता येईल, असं सांगितलं आणि पाऊस संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबायला लावलं.

तेव्हा सोसायटीने पत्र दिलं तर ते बेकायदा नाही. पण नोटिशीशिवाय गाडी येऊन भांडीकुंडी, कागदपत्रं उचलून नेते, ते मात्र या निकालात बसत नाही.

गजरेवाल्यांसाठी वेगळा मुद्दा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात जप्त मालाची यादी द्यावी लागते आणि नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत करायचा असतो. यादी मागा. मागणारं कुणी सोबत असलं तर फरक पडतो, हे मी पाहिलंय.

रानजाई

मी एका रात्रनिवाऱ्यात काही वर्षं काम केलंय. (संस्थेचं नाव लिहीत नाही, तिथे अजून ओळखीची माणसं आहेत.) लांबलचक लिहिणार आहे, सवड असेल तरच वाचा.

आकड्यांपासून सुरुवात करते. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७० हजारांच्या वर बेघर मोजले गेले, त्यातले ९ लाख ३८ हजार शहरांतले. महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार, बृहन्मुंबईत साधारण ५७ हजार. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. जो त्या रात्री मार्केटात हमाली करत होता, कुणाच्या लग्नात वाढपी म्हणून गेला होता किंवा पोलिसांच्या भीतीने जागा बदलून झोपला होता, तो सुटला. काम करणाऱ्यांपैकी कुणीही हा आकडा पुरा धरत नाही.

आता निवारे. २००९ च्या डिसेंबरात दिल्लीत कडाक्याच्या थंडीत एक तात्पुरता निवारा पाडला गेला, त्यावरून सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये आदेश दिले. अन्न अधिकाराच्या खटल्यात. मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा, कायमस्वरूपी, बारा महिने चोवीस तास उघडा. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात हेच निकष आले: माणशी ५० चौरस फूट, पाणी, संडास, स्वयंपाकाची सोय. मुंबईची लोकसंख्या २०११ ला १ कोटी २४ लाख धरली तरी सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. आपण त्याच्या जवळपासही नाही.

पण समजा उद्या सव्वाशे झाले, तरी टिळकब्रिज यांच्या पुलाखालचे किती जण येतील? कारणं सांगते, तिथे झोपणाऱ्यांनीच सांगितलेली.

एक तर कुटुंब फुटतं. बरेच निवारे फक्त पुरुषांचे किंवा फक्त बायकांचे. बारा-चौदा वर्षांचा मुलगा असेल तर त्याला आईबरोबर ठेवत नाहीत, आणि बाप दारू पीत असेल तर पोराला त्याच्या हवाली करायला आई तयार नसते. मग सगळेच फूटपाथवर. मला सगळ्यात जास्त वैताग या मुद्द्याचा येतो, कारण इमारत बांधताना हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

दुसरं, अंतर. नाक्यावर सकाळी आठच्या आत उभं राहावं लागतं, ठेकेदार ओळखीचा चेहरा बघून उचलतो. निवारा चार स्टेशनं लांब असेल तर ती ओळख गेली. फुलं आणणाऱ्या बाईला पहाटे दादरचा फूलबाजार गाठायचा असतो, निवाऱ्याचं दार मात्र सहाला उघडतं. 'चोवीस तास' कागदावर.

तिसरं सामान. बोचकं, स्टोव्ह, ताडपत्री आत घेत नाहीत. बाहेर ठेवलं तर गेलं.

कुत्र्यामुळे न आलेलाही एक म्हातारा मला माहीत आहे. आम्ही नियम वाकवून कुत्र्याला पायरीवर झोपू दिलं, तेव्हा आला.

त्यामुळे सोसायटीला खरंच काही करायचं असेल तर वॉर्डाला पत्र द्या, पण दुसरं: 'आमच्या वॉर्डात कुटुंबांसाठीचा निवारा द्या, याच भागात द्या, पालिकेची बंद पडलेली अमुक इमारत रिकामी आहे.' रिकामी वास्तू रहिवाशांनी दाखवून दिली की 'जागाच नाही' हे उत्तर चालत नाही. मात्र निवारा आपल्या गल्लीत येतोय म्हटल्यावर सोसायट्याच विरोधाला उभ्या राहतात, हेही पाहून झालंय.

टिळकब्रिज

रानजाई, प्रिंट काढून कमिटीच्या नोटीसबोर्डावर लावते. रिकामी इमारत आहे आमच्याकडे, जुनी पालिका शाळा. शेवटच्या वाक्याची मात्र आत्तापासून धास्ती वाटतेय.

खडूस_आजोबा

लावा. त्याखाली माझंही पत्र लावा.

भटकभवानी

घरं विकून परत येतात, या आजोबांच्या मुद्द्यावर. असं होतं, खोटं नाही. पण कुठे होतं आणि कुठे होत नाही, ते बघण्यासारखं आहे.

भायखळ्याच्या फूटपाथवरच्या बायकांची गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. १९८४ मध्ये शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्पार्क' ही संस्था सुरू केली. १९८५ च्या निकालानंतर सगळ्यांना वाटत होतं आता बुलडोझर येणार. तेव्हा स्पार्कने फूटपाथवासीयांचीच गणना केली, सुमारे सहा हजार कुटुंबांची. कोण कुठून आलं, काय काम करतं, किती मिळवतं. लोक भीक मागायला आलेत ही समजूत त्या माहितीपुढे टिकली नाही. पुढे त्या बायकांनी 'महिला मिलन' उभं केलं आणि जोकिन अर्पुथम यांच्या झोपडपट्टीवासी महासंघाशी हातमिळवणी केली. (अर्पुथम यांना २००० साली मॅगसेसे मिळालं, २०१८ मध्ये गेले.) दिवसाचा रुपया-दोन रुपये बचत, आणि रेशनकार्डासाठी एकेकटीने न जाता घोळक्याने कचेरीत जायचं, अशी सुरुवात.

मला आवडतो तो भाग घराच्या नकाशाचा. आर्किटेक्टने काढून आणण्याआधी बायकांनीच ठरवलं घर कसं हवं. साडीने मोजमाप केलं. जमीन कमी मिळणार हे ठाऊक होतं, म्हणून उंची चौदा फूट मागितली, म्हणजे मधे पोटमाळा टाकून झोपायची जागा दुप्पट. कापड आणि पुठ्ठ्याचं पूर्ण आकाराचं घर उभं करून त्याचं प्रदर्शन मांडलं, अधिकाऱ्यांना आत नेऊन दाखवलं. कित्येक वर्षांनी मानखुर्दला मिलन नगर उभं राहिलं आणि भायखळ्याच्या बायका तिथे राहायला गेल्या. या सगळ्यात एवढी वर्षं गेली की काही जणींच्या मुलींची लग्नं फूटपाथवरच झाली, हेही सांगायला हवं. ही परीकथा नाही. पण ज्या घराची उंचीसुद्धा आपण ठरवली ते घर माणूस सहज विकत नाही, असं माझं मत. चावी हातात देऊन तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारच्या माहुलसारख्या ठिकाणी सोडलं की मात्र तो परत येणारच. तिथल्या हवेबद्दल रहिवाशांना हायकोर्टापर्यंत जावं लागलं होतं.

चाकरमानी

सगळे फूटपाथवर पोचलेल्यांबद्दल बोलतायत. पोचतात कसे त्याबद्दल कुणी बोलेल का?

मी नालासोपाऱ्याला चाळीत भाड्याने राहतो. आमच्याकडे घर जायचा रस्ता ठरलेला आहे. कमावता माणूस आजारी पडतो किंवा जातो, दोन महिने भाडं थकतं, मालक डिपॉझिटमधून वळतं करून घेतो, अकरा महिन्यांचा करार संपतो. नव्या खोलीला नवं डिपॉझिट आणि एजंटचं एक भाडं. ते नसतं. मग मेव्हण्याकडे, मग गावी भावजयीकडे, तिथे भांडण, मग स्टेशन. दोन-तीन महिन्यांचा खेळ असतो आणि त्या काळात तीस-चाळीस हजारांत घर वाचलं असतं. एकदा स्टेशनवर गेलं की तेच काम लाखांत होत नाही, कारण नोकरी, शाळा, गॅस, सगळंच सुटलेलं असतं.

आमच्या चाळीत बायकांची भिशी आहे. एकीचा नवरा कारखान्यात हात गमावून बसला तेव्हा भिशीवाल्यांनी तिचा नंबर आधी लावला आणि शिवाय सगळ्यांकडून थोडं थोडं काढून डिपॉझिटचा वेगळा डबा केला. नियम एकच, पैसे मालकाच्या हातात जाणार, हप्ते बिनव्याजी. नंतर तो डबा चालूच राहिला. बुडवलेही काहींनी, सगळे हरिश्चंद्र नसतात. तरी डबा अजून आहे.

तुमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या बायका कुठे राहतात, भाडं किती, करार कधी संपतोय, एवढं विचारून बघा. पुलाखालची पुढची कुटुंबं त्यातूनच येणार.

मालवणी_खाजा

+१००. घरकामवाल्या मावशींना दिवाळीत पगार जास्त देतो त्यापेक्षा जूनमध्ये डिपॉझिटला उधार दिलेलं बरं.

सांजवेळ

मी मानसोपचार विभागात समुपदेशक आहे. रस्त्यावर एकटं फिरणारं, स्वतःशी बोलणारं, केस जटा झालेलं माणूस दिसलं की लोक व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतात. तसं करू नका. कायदा काय म्हणतो ते सांगते, पोलिसांनाही नम्रपणे सांगता येतं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १००. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती भटकताना आढळली तर तिला संरक्षण देणं हे त्या हद्दीच्या पोलीस ठाण्याचं कर्तव्य आहे. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात नेऊन तपासणी करायची. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. बेघर आणि निराधारांना सरकारी ठिकाणी उपचार मोफत आहेत, हेही त्याच कायद्यात आहे. सल्ल्यासाठी टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मराठीतही बोलतात.

पुष्कळ जण उपचारांनंतर पत्ता सांगतात. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये श्रद्धा फाउंडेशन सुरू केलं, आता कर्जतला मोठं केंद्र आहे. रस्त्यावरून आणायचं, उपचार करायचे, बोलतं झालं की कार्यकर्त्याबरोबर थेट गावी सोडून यायचं, मग ते गाव बिहारचं असो की तमिळनाडूचं. डॉ. भरत यांना २०१८ चं मॅगसेसे याच कामासाठी. अहिल्यानगरजवळ माउली सेवा प्रतिष्ठानमध्ये डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे रस्त्यावरच्या मनोरुग्ण बायकांना कायमचं घर देतात, कारण अशा बायकांना घरचे बहुधा परत घेत नाहीत. पुरुषांना घेतात. यावर वेगळा धागा काढावा लागेल.

उत्तरध्रुव

फिनलंडमधून लिहितोय. इथे १९८७ मध्ये बेघरांचा आकडा १८ हजारांच्या वर होता, गेल्या काही वर्षांत चार हजारांच्या खाली आलाय. २००८ पासून धोरण असं की आधी घर द्यायचं, दारू सोडवणं, नोकरी वगैरे नंतर. रात्रीपुरत्या खाटांची वसतिगृहं बदलून तिथे स्वतंत्र सदनिका केल्या. राहणाऱ्याच्या नावावर भाडेकरार असतो, भाडं भरायला सरकारी भत्ता मिळतो. पण परवा भत्त्यांना कात्री लागली आणि २०२४ मध्ये आकडा परत थोडा वर गेला.

खडूस_आजोबा

५६ लाख लोकसंख्या. आमच्या दोन-तीन वॉर्डांत मावेल तुमचा देश.

उत्तरध्रुव

दहा-अकरा वॉर्ड लागतील, आजोबा :) पण मान्य. शिवाय इथले बेघर बहुतेक एकटे पुरुष, तिकडे कमावती कुटुंबं. करार स्वतःच्या नावावर असणं, एवढाच भाग उचलण्यासारखा वाटला.

माळरान

टिळकब्रिज ताई, गजरे विकणारी सोलापूर-धाराशिवची माणसं म्हणजे पारधी समाजाची असण्याची शक्यता आहे. विचारून बघा, पण जपून. सांगायला कचरतात, कारण चोरी झाली की पहिली उचल त्यांची होते. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का निघाला, म्हणजे कागदावर निघाला.

पारध्यांना अनुसूचित जमातीचा दाखला मिळतो, पण त्याला १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. ज्यांच्या आज्याला गावात मुक्काम करू देत नव्हते, त्यांनी १९५० चा शाळेचा दाखला आणायचा कुठून? आमच्या तालुक्यात काही जणांचं काम जुन्या पोलीस दप्तरातल्या नोंदीवर झालं. ज्या रजिस्टरात आजोबाची गुन्हेगार म्हणून हजेरी, तेच नातवाच्या दाखल्याला कामी आलं. माणूस हसावं की रडावं. गावाकडच्या कुणाला तरी हाताशी धरल्याशिवाय हे मुंबईत बसून होत नाही.

पोरांच्या शाळेसाठी मात्र दाखल्याची वाट बघू नका. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

काळाकोट

माळरान यांचा प्रतिसाद फार मोलाचा. एक भर: महाराष्ट्रात १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. त्याच्या व्याख्येत, उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि भटकतोय, एवढ्यावरही माणूस येतो. दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये त्यातली बरीच कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. त्यामुळे नाका कामगारांकडे कामाचा काहीतरी पुरावा असणं बरं. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी करून घ्या. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो.

टिळकब्रिज

सगळ्यांचे आभार, वहीची पानं भरली. आमच्या गटाने तूर्त तीन घरं निवडलीत, सगळ्यांचं एकदम करायला गेलो तर कुणाचंच होणार नाही. पहिला अडथळा पत्त्याचा. आधार केंद्रावर 'पत्ता?' विचारलं की गाडी तिथेच अडते. 'पुलाखाली, खांब क्रमांक अमुक' लिहिलं तर ऑपरेटर हसतो.

रानजाई

मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने आधारच्या ठरावीक नमुन्यात प्रमाणपत्र दिलं तर ते चालतं, पत्ता निवाऱ्याचा लागतो. तुमच्या वॉर्डाला लागून असलेल्या निवाऱ्याशी बोला. काही जण देतात, काही जबाबदारी नको म्हणून टाळतात.

जाईजुई

मी शिक्षिका आहे, बीएलओचं (मतदारयादीसाठी घरोघरी पडताळणी करणाऱ्या अधिकाऱ्याचं) काम केलंय. मतदार नोंदणी त्यामानाने सोपी आहे आणि कुणाला माहीत नसते. बेघर माणसाला नमुना ६ भरताना पत्त्याचा कागदी पुरावा लागत नाही. अर्जात जी जागा लिहिली असेल तिथे बीएलओने रात्री जाऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघायचं, एकापेक्षा जास्त रात्री. तेवढं पुरतं. मी स्वतः रात्री साडेदहाला नवऱ्याला बरोबर घेऊन पुलाखाली गेलेय. तेव्हा ज्याचा अर्ज असेल त्याला त्या आठवड्यात केटरिंगच्या रात्रपाळीला जाऊ नको म्हणून बजावून ठेवा, नाहीतर 'आढळला नाही' असा शेरा पडतो.

आणि जनगणना २०२७ मध्ये आहे, संदर्भ दिनांक १ मार्च. गेल्या वेळेसारखी बेघरांची मोजणी आदल्या रात्री झाली तर तुमच्या गटाने प्रगणकाबरोबर फिरावं. नव्या माणसाला पुलामागचा कोपरा दिसतच नाही.

खडूस_आजोबा

नमुना ६ मध्ये जागा काय म्हणून लिहायची? खांब क्रमांक?

जाईजुई

हो. पुलाचं नाव, खांब क्रमांक, रस्ता, समोरची ठळक खूण आणि पिनकोड. मोबाइल नंबर शक्यतो घरातल्या ज्या व्यक्तीचा बदलत नाही तिचा द्या, पडताळणीला येण्याआधी बीएलओ त्यावरच फोन करते. खांब क्रमांक पुसला गेला असेल तर समोरच्या सोसायटीचं नाव लिहिलं तरी चालतं.

टिळकब्रिज

समोरची सोसायटी आमचीच आहे. कमिटीत विषय मांडते, काय होतं ते इथे कळवेन.